झोळीचा काटा

सेनाहने आढ्याला मासळी तोलायचा तानकाटा टांगला, त्याला स्प्रिंग, स्प्रिंगला सारोंगची, म्हणजे लुंगीच्या कापडाची, झोळी. नातवाला आत ठेवलं आणि झोळी जराशी ओढून सोडली. ती खालीवर नाचू लागली.

"बघ, तीन किलो!" झोळी तळाला गेली तशी ती सुनेला ओरडून म्हणाली. "सांग त्या नर्सबाईला, सेनाहच्या घरात पोरं उपाशी राहत नाहीत म्हणावं."

पोर दिवस भरण्याआधीच जन्मलेलं. आज तीन किलो भरलं नाही तर शहरातल्या इस्पितळात न्या, असं नर्सबाई बजावून गेली होती. सेनाहचा थोरला याच वयात तिथे गेला होता. परत आलं ते नुसतं दुपटं.

"आई, झोळी थांबवून बघा ना," सून रुबिया चुलीपाशून म्हणाली.

"थांबवली की उठेल तो."

"वर जाताना काटा दोनवर येतो, आई. बाळ तर तेच आहे."

उत्तर सेनाहच्या जिभेवर होतं. जन्मभर बाजारात मासे विकले, आता ही काल आलेली काटा शिकवणार! पण टोपली हिसडून टाकायची आणि काटा चढला की 'झालं' म्हणायचं, असं करणाऱ्या जलीलची तिने भर बाजारात अब्रू काढली होती.

तिने तळहाताने झोळी थांबवली आणि हात काढून घेतला. काटा थरथरत अडीचवर बसला.

पोर उठलं नाही. कुरकुरलंही नाही.

"त्याचे कपडे बांध," सेनाह म्हणाली.

मायलेकरं इस्पितळात होती, तोवर तिने झोळी खांबाला बांधून ठेवली. रिकामी झोळी हलली की तिच्यात भलतंच कुणी येऊन निजतं म्हणतात. वारा सुटला की तरीही ती हाताने धरून बसे.

दीड महिन्याने परतलेल्या पोराने असा टाहो फोडला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. सेनाहने त्याला झोळीत घातलं, झोळी थांबू दिली, आणि बाजूला सरली.

"तू वाच."

"साडेतीन, आई."

"हं. अल्लाची कृपा."

दुपारी कालवणातलं माशाचं डोकं तिने उचललं. सासू गेल्यापासून घरातल्या थोरलीचा तो मान तिच्याच ताटात पडायचा. तिने ते रुबियाच्या भातावर ठेवलं.

"आई, हे तर तुमचं!"

"गप खा. दूध काय माझ्या बढायांतून उतरतं?"