सीताराम सांगे

मधुवंतीने वही मांडीवरून उचलली आणि वाटेच्या कडेला सरकली. वरून गवताचा एक मोठा भारा खाली येत होता. भाऱ्याखालची बाई दिसत नव्हती. दिसत होते फक्त धुळीने माखलेले दोन पाय आणि कमरेला खोचलेला विळा.

"मावशी, अशा किती खेपा होतात?"

"पाच. उन्ह चढलं नाय तर सहा," भाऱ्यातून आवाज आला. पाय थांबले नाहीत. उताराच्या दगडांवर ते न अडखळता पडत गेले आणि वळणाशी दिसेनासे झाले.

मधुवंतीने पेनाचं टोपण काढलं. सकाळपासून पान कोरं होतं. वाकणवाडीच्या या पठारावर गाणं लिहिण्याच्या शिबिराला एकूण नऊजण आले होते. प्रत्येकाला डोंगरावरची एकेक जागा दिलेली, मोबाइल खाली पेटीत ठेवलेले. दोन तास बसा, ऐका आणि मगच लिहा, असं मृणालिनीताईंनी बजावलं होतं. मृणालिनीताई अंधेरीच्या, जाहिरातींना आणि मालिकांना चाली देणाऱ्या. मधुवंतीने पाठवलेलं गाणं ऐकून त्यांनी स्वतः फोन करून तिला बोलावलं होतं. मुलुंडच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणाऱ्या मधुवंतीला चार दिवसांची रजा मिळवताना मात्र नाकीनऊ आले होते.

ओळी आल्या त्या चालीसकट आल्या. दूर कुठेतरी विळे चालत होते, त्यांच्याच लयीत.

डोंगर घेउन डोंगर उतरे, डोईवरती भारा गं
तोंड दिसेना, नाव कळेना, पुसतो नुसता वारा गं

जेवणाची घंटा झाली तोवर चार कडवी लिहून झाली होती.

दुपारी आंब्याखाली सगळे गोल बसले. मुलुंडचा विपुल गिटार सरसावून होता. मधुवंतीने गिटार नको म्हटलं आणि मांडीवर हाताने ठेका धरला. गाणं गेलं सरळ, मोकळ्या आवाजात, आणि शेवटच्या कडव्यावर येऊन ठेपलं.

सीताराम सांगे सभेला, तिचाच डोंगर सारा गं!

टाळ्या वाजल्या. बोरिवलीची तेजल तर डोळे पुसत होती.

"झकास, यार!" विपुल म्हणाला. "पण हा सीताराम कोण?"

"माझे बाबा."

"म्हणजे गाणं त्यांचं आहे?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. मधुवंतीचा मांडीवरचा हात अजून ठेका देत होता, तो तिने दुसऱ्या हाताने धरला.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता वर बसून लिहिलं ना मी."

कुणी पुढे विचारलं नाही. संध्याकाळी ती एकटीच विहिरीपर्यंत चालत गेली आणि काठावर बसून राहिली.

शाहीर सीताराम म्हणजे तिचे बाबा. गिरणी बंद पडल्यावर ते विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर कामाला लागले. पण संगमेश्वराकडचा माणूस त्यांना ओळखतो तो शक्ती-तुऱ्याचा शाहीर म्हणून. दोन पार्ट्या, एक शक्तीची, एक तुऱ्याची. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जबाब द्यायचा, आणि घुंगरं बांधलेल्या पोरांनी शाहिराभोवती गोल नाचायचं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो. तीच त्याची सही.

अकरा वर्षांपूर्वी भांडुपच्या एका सामन्यात समोरच्या शाहिराचा सवाल आला आणि बाबा गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदाच. पडद्यामागे बसलेल्या मधुवंतीने चहाच्या कागदी कपावर चार ओळी लिहून चुलतभाऊ निलेशच्या हातून पुढे पाठवल्या. बाबांनी त्या डोळ्यांजवळ धरल्या, वाचल्या आणि म्हटल्या. सभागृह उठून उभं राहिलं होतं. शेवटी तिने लिहिलं होतं 'सीताराम सांगे', कारण दुसरं काही लिहायचं असतं हे तिला सुचलंच नव्हतं.

त्यानंतर मंडळाचं प्रत्येक गाणं तिने लिहिलं. बाबांनी कधी लिही म्हटलं नाही. ती वही खिडकीत ठेवायची, दुसऱ्या दिवशी ते चाल गुणगुणताना दिसायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच. ही गोष्ट बोलायची कशी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आपलं काही हिरावलं गेलंय असं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं. आज मात्र विपुलचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

ती उठली. ओळ तिने मोठ्याने म्हणून पाहिली, आपलं नाव घालून. "मधुवंती सांगे सभेला." ठेका पुढे गेला आणि आवाज मागे राहिला. तिने पुन्हा म्हटली. पुन्हा तेच. दाताखाली खडा यावा तशी ती जागा लागत होती. अंधार पडेपर्यंत तिने दहा वेळा तरी बदलून पाहिली. 'मधू' करून पाहिलं, 'शाहीर' जोडून पाहिलं. काहीच बसेना.

शेवटच्या दिवशी गाणी रेकॉर्ड झाली. आधी गीतकाराचं नाव सांगायचं होतं. मधुवंती माइकसमोर आली.

"गीत, मधुवंती," ती म्हणाली, आणि गाणं त्याच अडखळत्या ओळीने संपवलं.

बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मृणालिनीताई मात्र निघताना तिच्याजवळ आल्या.

"शेवटी ठेचकाळलीस."

"हो. नाव बसत नाही."

"मग नाव घालूच नकोस ना. आम्ही कुठे घालतो गाण्यात?"

"आमच्यात नावाशिवाय गाणं पुरं होत नाही, ताई." तिने बॅग खांद्याला लावली. "आणि दुसऱ्याचं नाव आता मी घालणार नाही."

विक्रोळीला घरी पोचली तेव्हा निलेश आधीच येऊन बसला होता. मंडळात तो ढोलकी वाजवायचा आणि गाण्यांच्या प्रती उतरवून घ्यायचा. पुढच्या महिन्यात मुलुंडला सामना होता. बाबा दाराशी स्टुलावर बसून भिंगातून पेपर वाचत होते. एकाहत्तरीतही पाठ ताठ होती.

"आलीस? उन्हानं काळी पडलीस गो," ते म्हणाले.

तिने हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. बोलायचं काय ते तिने परतीच्या वाटेवर ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं एकच वाक्य उरलं होतं.

"बाबा, मुलुंडचं गाणं झालंय. शेवटी माझं नाव आहे."

निलेश वहीतून वर बघू लागला. "म्हणजे?"

"म्हणजे माझं नाव. मधुवंती."

"अगं, बॅनर छापून झाले! शाहीर सीताराम लिहिलंय त्यावर. लोक काकांचं नाव ऐकायला येतात. समोरची पार्टी काय बोलेल? मंडळाची वाट लागेल, मधू."

"बाबाच म्हणतील गाणं. शाहीर तेच आहेत. पण लिहिलंय मी, आणि नाव माझं राहील. नाहीतर यंदा दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

तिचा आवाज चढला नव्हता. बाबांनी भिंग पेपरावर ठेवलं. त्यांनी निलेशकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही पाहिलं नाही.

"म्हण," ते म्हणाले.

ती म्हणू लागली. पहिल्या कडव्यातच बाबांचा हात गुडघ्यावर चालू लागला. तिसऱ्या कडव्याला त्यांनी मान हलवली. कुठली ओळ आवडली ते तिला कळलं. मग शेवटचं कडवं आलं. मधुवंती सांगे सभेला. हात थांबला.

बाहेर नळावर कुणीतरी कळशी घासत होतं.

"बसत नाय," बाबा म्हणाले.

"मी तेच म्हणत होतो," निलेश सुटकेचा श्वास टाकत म्हणाला. "काकांचं नाव कसं फिट्ट बसतं तिथे."

"मी नाव बदलणार नाही, बाबा."

"बदलायला लागंल. ठेका लंगडतो."

"लंगडू दे." तिचे डोळे भरून आले होते, पण तिने खाली पाहिलं नाही. "लंगडत म्हणा. अकरा वर्षं..."

बाबा बराच वेळ गुडघ्यावर बोटांनी काहीतरी मोजत राहिले. ओठ हलत होते. मधेच त्यांनी मान नकारार्थी हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"नाव बदल कोण म्हणतो?" ते शेवटी म्हणाले. "एक मात्रा कमी पडते तिथं. 'सांगे' काढ."

"मग?"

"'सांगे' माझ्या नावाला होतं. तू बाई हायस. 'सांगते' म्हण."

मधुवंतीने ओळ बोटांवर मोजून पाहिली.

"म्हण ना. मी धरतो ठेका."

तिने म्हटलं. मधुवंती सांगते सभेला, तिचाच डोंगर सारा गं. हात कुठे थांबला नाही, आवाज कुठे अडला नाही. ओळ सरळ उतरून समेवर आली. बाबांनी ती स्वतः एकदा म्हणून पाहिली, त्यांच्या जाड, घोगऱ्या आवाजात, तिच्या नावासकट. मग दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने. शेजारच्या खोलीतलं कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिलं.

निलेशने पेन उघडलं होतं, पण तो लिहीत नव्हता.

"काका, नक्की?"

बाबांनी भिंग उचललं आणि त्याच्या वहीवर वाकले.

"लिही," ते म्हणाले. "नीट लिही. 'धु'चा उकार पहिला."