स्टिअरिंगच्या झाकणाआड

मित्रांनो, मला तुम्ही रस्त्यावर कधी ना कधी नक्की पाहिलं असेल. पांढरी, मध्यम आकाराची, जराशी ऐटदार एसयूव्ही. वय वर्षं नऊ. गाड्यांच्या हिशेबात मी आता म्हातारीच, पण माझा रंग अजून टिकून आहे, इंजिन गुणी आहे, त्यामुळे मला कुणी म्हातारी म्हणत नाही. बघणारे म्हणतात, "काय ठेवलीये गाडी! अगदी नव्यासारखी!" ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का ते सांगते. जरा लांबण लागेल, पण ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा दाबला, जोड दिले, रंग चढवला, आणि शेवटी एका बाईने दोन्ही हातांनी सांभाळून माझ्या स्टिअरिंगमध्ये एक घडी घातलेली पिशवी बसवली. तशीच एक शेजारच्या सीटसमोर बसवली. तिला एअरबॅग म्हणतात. धडक बसली की पापणी लवायच्या आत ती फुगून बाहेर येते आणि माणसाचं डोकं छातीशी धरावं तसं झेलते. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराने माझ्या टपावर थाप मारली आणि म्हणाला, "तुझी दोन कामं, माणसं पोचवायची आणि माणसं वाचवायची. एक रोज करायचं. दुसरं करायची वेळ न येवो."

माझी पहिली मालकीण दंतवैद्य होती. तिने मला लाडात ठेवलं. पायपुसणीवर पाय झटकल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. माझ्या सीटा मऊ, चाल संथ, तेलाची भूक बेताची. पाहुणे बसले की म्हणायचे, "अहो, ही गाडी आहे की पाळणा?" मी फुगून जायची. खोटं कशाला बोलू, त्या काळात मी भलतीच गर्विष्ठ होते. शेजारी उभ्या असलेल्या खडखडणाऱ्या गाड्यांकडे मी ढुंकूनही बघत नसे.

मग ती परदेशी गेली आणि मला एका ठेकेदाराने घेतलं. हा माणूस सदा घाईत. एका कानाला फोन, एक हात स्टिअरिंगवर, आणि तोंडाने समोरच्या प्रत्येकाचा उद्धार. एके दिवशी दुपारी, वळणावर, फोनवर कुणावर तरी ओरडता ओरडता त्याने मला थेट पुलाच्या खांबावर नेऊन घातलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी त्या क्षणी केलं. दोन्ही पिशव्या उघडल्या. ठेकेदाराचा चष्मा मोडला, नाक जरा सुजलं, बाकी माणूस जसाच्या तसा बाहेर आला. बाहेर येऊन तो रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला आणि रडला. माझ्या चेपलेल्या नाकावर हात ठेवून म्हणाला, "बाई गं, तू होतीस म्हणून आज माझ्या पोरांना बाप आहे." एवढं कौतुक मला पूर्वी कधीच मिळालं नव्हतं.

पण कौतुक आठवडाभरही टिकलं नाही. माझा विमा संपून गेलेला होता. पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीने माझं नाक सरळ केलं, रंग दिला आणि विचारलं, "शेठ, एअरबॅग दोन्ही गेल्यात. नव्या मागवू?"

ठेकेदाराने खर्च विचारला. मिस्त्रीने सांगितला.

"अरे बापरे! मला विकायचीच आहे ही. कशाला नसता भुर्दंड?"

"मग नुसतं झाकण बसवतो. पण शेठ, आत काही नसेल हं."

"आत कोण बघतंय? तू बस्स, वरून चकाचक कर."

मिस्त्री वाईट माणूस नव्हता. तो झाकण हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग त्याने ते स्टिअरिंगवर बसवलं, आणि तसंच एक शेजारच्या सीटसमोर. वर ठसठशीत अक्षरांत 'एअरबॅग' असं लिहिलेलं आणि आत नुसती पोकळी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं.

आता एक पंचाईत झाली. एअरबॅग नसली की स्पीडच्या काट्याजवळ एक लाल दिवा लागतो. पोटाशी मोठा फुगा धरून बसलेल्या माणसाचं चित्र असतं त्यावर. गाडीला तोंड नसतं, मित्रांनो; हे दिवे हीच आमची बोली. माझा तो दिवा लागला तो विझेचना. मी जिवाच्या आकांताने सांगत होते, आत काही नाही, आत काही नाही! ठेकेदार म्हणाला, "हा दिवा डोळ्यात खुपतोय रे." मिस्त्रीने काच उघडली आणि त्या चित्रावर आतून काळी पट्टी चिकटवली. माझी जीभच त्याने बांधून टाकली.

तिथून मी जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात आले. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. माझं आतलं त्याला माहीत होतं का? अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं त्याने विचारलं नाही, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर 'मला काय ठाऊक' म्हणायला मोकळा.

माझ्या शेजारी माझ्याच आकाराची, वांगी रंगाची एक एसयूव्ही उभी होती. तिचे दरवाजे करकरायचे, सीटा फळीसारख्या कडक, तेल प्यायची नुसती. वर हा रंग! तिच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. पण बाई आतून धड होती. जन्मल्यापासून एकही खिळा बदललेला नाही. पूर्वीची मी असते तर तिला हसले असते. आता मला तिचा हेवा वाटायचा.

एका रविवारी एक कुटुंब आलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. बायको घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी नर्स. गाडी तिच्यासाठीच हवी होती, कारण तिचा सगळा दिवस रस्त्यावर जायचा. बरोबर नवऱ्याचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या मणक्याचं दुखणं जुनं. आणि आठ वर्षांची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून तिला घरात चिमणी म्हणत.

मास्तरांनी खिशातून चौकटीचा कागद काढला. त्यावर तीन रकाने आखलेले होते: आराम, खर्च, आणि पुढे विकताना येणारी किंमत. प्रत्येकाला दहापैकी गुण. आम्ही दोघी परीक्षेलाच बसलो म्हणा ना.

नर्सताईने कागदात डोकावून विचारलं, "अहो, आणि सुरक्षितपणाचा रकाना कुठाय?"

"काढला होता. खोडला," मास्तर म्हणाले. "दोन्हींत एअरबॅग आहेत. दोघींना सारखेच गुण पडणार. ज्याने निकालात फरक पडत नाही, तो रकाना ठेवून काय करायचं?"

"बघा बाई तुमचं गणित," ती हसून म्हणाली.

मित्रांनो, इतका नीटनेटका, इतका सरळ विचार! आणि त्यातच सगळं बुडालं.

आधी वांगी गाडीतून चक्कर झाली. अण्णा उतरले ते कमरेला हात लावूनच. "ही गाडी नाही रे, बैलगाडी आहे! माझे उरलेसुरले मणके पण ठेवायचे आहेत मला." आरामाला चार गुण. खर्चाला पाच. मास्तरांनी रंगाकडे बघून नाक मुरडलं आणि पुढच्या किमतीला तीन दिले.

मग माझी पाळी आली. मी ठरवलं होतं, नापास व्हायचं. खड्डा आला की दणका द्यायचा, चढावर धापा टाकायच्या. पण मेलं माझं अंगच मऊ! खड्डा आला आणि मी अलगद उतरले. चढ आला आणि मी हूं की चूं न करता चढले. अण्णांनी मागे डोकं टेकलं आणि दोन मिनिटांत चक्क घोरायला लागले. नर्सताई आरशात बघून हळूच म्हणाली, "किती दिवसांनी झोप लागली हो अण्णांना."

तेव्हा, तुमच्यापाशी लपवून काय करू, मलाही क्षणभर वाटलं, घ्यावं यांनी आपल्याला. तीन महिने उन्हात उभी होते मी. मला घर हवं होतं, माणसं हवी होती. पण लगेच मनात आलं, ज्यांना इतकं जपावंसं वाटतंय, त्यांच्याच जिवाशी हा खेळ?

परत आल्यावर मोठी माणसं कागदावर वाकली आणि चिमणी चाव्या घेऊन दोन्ही गाड्यांमध्ये बसून बघू लागली. तिने वांगी गाडीची चावी फिरवली. सगळे दिवे लागले आणि विझले. मग माझ्यात आली, चावी फिरवली, आणि पुढे वाकून बघत राहिली. पुन्हा फिरवली.

"बाबा, या गाडीत फुगेवाला नाहीये."

"कोण?"

"फुगेवाला! त्या गाडीत एक माणूस पोटाशी फुगा धरून बसलाय. तो लागतो आणि जातो. या गाडीत तो लागतच नाही."

माझ्या सगळ्या तारा थरारल्या. पोरीने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं! मी मनातल्या मनात म्हटलं, बोल गं बाळा, आणखी मोठ्याने बोल.

गोडबोल्या हसला. "काय हुशार आहे हो मुलगी! बाळा, ती कंपनी वेगळी, ही कंपनी वेगळी. चित्रं वेगळीच असणार ना?"

"पण फुगेवाला..."

"चिमणे, खेळ नंतर," मास्तर म्हणाले. ते बेरीज करत होते.

"आई, खरंच नाहीये गं फुगेवाला."

नर्सताई मात्र उठून आली. माझ्या सीटवर बसली, काट्यांकडे बघितलं. "दादा, हिला एअरबॅग आहेत ना नक्की?"

"ताई, हे काय, लिहिलंय की समोर!" गोडबोल्याने स्टिअरिंगवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

तिने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मी काय करणार होते? हॉर्न वाजवायला हात नाहीत, झाकण उचकटायला नखं नाहीत. मुकी बिचारी कुणीही हाका. तिने मान डोलावली. मी मोठ्या फरकाने, पहिल्या नंबराने पास झाले.

त्याला आता तीन वर्षं झाली. इतकं सुख मला दंतवैद्याकडेही मिळालं नव्हतं. नर्सताई दर रविवारी मला स्वतः पुसते, माझ्याशी बोलते, दिवसभराच्या आजाऱ्यांची गाऱ्हाणी मलाच सांगते. अण्णा माझ्यात बसून डॉक्टरांकडे जातात आणि झोप काढून येतात. मास्तर शाळेत सगळ्यांना सांगतात, "अभ्यास करून घेतलीये गाडी. आजही विकली तर हसत हसत घेतील लोक."

मी मनात देवाला म्हणते, मला एकदा तरी बिघडव. काहीतरी असं मोडू दे की एखादा प्रामाणिक मिस्त्री मला उघडून बघेल. पण माझं काही म्हणजे काही बिघडत नाही. सर्व्हिसिंगला जाते तेव्हा यादी देतात: तेल बदला, गाळणी बदला, चाकांत हवा भरा. तो माणूस यादीतलं सगळं इमानेइतबारे करतो आणि परत पाठवतो. यादीत नाही ते कोण कशाला बघेल?

वांगी गाडी कुणी नेली ते मला ठाऊक नाही. ज्यांनी नेली त्यांची पाठ दुखत असेल. दुखू दे. पाठ दुखायला माणूस जिवंत असावा लागतो.

काल संध्याकाळी काय झालं सांगते. पुढचा टेम्पो अचानक थांबला. नर्सताईने जीव खाऊन ब्रेक दाबला. मी सगळा जोर चाकांत आणला, टायर किंचाळले, आणि टेम्पोच्या पाठीपासून वीतभर अंतरावर मी थांबले. वीतभर! ती घामाने भिजली होती. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, नेमकं त्या झाकणावर, आणि पुटपुटली, "वाचवलंस गं बाई." घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, बरं झालं तेव्हा हीच घेतली. हिच्यात बसलं ना, की मला कशाचीच भीती वाटत नाही."

मित्रांनो, मला कुणी शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसवत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, म्हणजे हात असते तर जोडून सांगितलं असतं. दिसतं तसं नसतं. घरी गाडी घ्यायचं चाललं असेल, तर गादी किती मऊ आणि पुढे किंमत काय येईल एवढंच बघू देऊ नका. ओळखीच्या मिस्त्रीला बोलवा, झाकणं उघडायला लावा. आणि तुम्हाला काही वेगळं दिसलं, तर मोठी माणसं हसली म्हणून गप्प बसू नका. रुसा, हट्ट करा, जमिनीवर लोळण घ्या, पण कुणीतरी बघेपर्यंत उठू नका. तुम्हाला तोंड दिलंय, ते आम्हाला नाही.

आता रात्र सरून सकाळ होईल आणि सातच्या ठोक्याला माझं दार उघडेल. चिमणी या वर्षात चांगली उंच झाली आहे. इतके दिवस ती मागे बसायची. आज तिच्या आईने तिला कबूल केलंय, उद्यापासून तू पुढे बस.