पाठीवरचा डाग

आमच्या बेडसे गावात पोटावर डाग नसलेलं एक पोर दाखवा, मी झुंबर हे नाव बदलीन. हिवतापाने पोट फुगलं की विळ्याचं टोक तापवायचं आणि बेंबीच्या बाजूला टेकवायचं. माझ्या सासूने माझ्या सगळ्या पोरांना असे डाग दिलेत. पण कोर्टात उभी राहिली ती वरच्या ठाकरवाडीतली बाया. लेकीला, चिंगीला, घेऊन ती लोणावळ्याला करवंदं विकायला गेली, एका मडमेच्या नजरेला चिंगीचं उघडं पोट पडलं आणि तिने पोलिसांना बोलावलं.

मॅजिस्ट्रेटने विचारलं, "हे तू केलंस?" बायाला वाटलं, साहेब शाबासकी देतोय. ताठ मानेने म्हणाली, "व्हय, म्याच. म्हनून तर जगली." तेवढ्यावर सात वर्षांची चिंगी पुण्याच्या बालगृहात गेली. तेव्हापासून गावात पोलीस दिसला की आम्ही सगळ्या आपापल्या पोरांच्या बंड्या खाली ओढतो. मीही नातवाची ओढते, खोटं कशाला बोलू?

दिवाळी झाल्यावर बाया माझ्या दारात येऊन बसली. "मावशी, तुमी बोलनाऱ्या. माज्यासंगं चला, तक्रार करू."

माझी जीभ गावात प्रसिद्ध, पण बालगृहाच्या फाटकात तीही टाळूला चिकटली. आत इतकी पोरं, आणि गोंगाट कसला तो नाही. मला ते बरं वाटलं नाही.

बालगृहाचा साहेब सभ्य होता. आम्हाला बसायला सांगितलं. "मुलगी का आणली, कधी सोडायची, हे कोर्टानं ठरवलंय. त्यावरची तक्रार मला ऐकता येत नाही. अपिलाची मुदतही गेली. मात्र इथं तिला कोणी वाईट वागवत असेल तर सांगा, मी जरूर चौकशी करीन."

चिंगीला आणलं. केस कापलेले, अंगात पांढरा झगा. मागे दाराशी मुलींवर देखरेख करणारी बाई उभी राहिली. बायाने लेकीला कुशीत घेऊन पाठीवर हात फिरवला, तशी पोर कळवळली. बायाने झगा वर केला. खांद्याखाली चिमट्याच्या टोकाएवढा डाग होता, अजून ओला.

तशी माझी जीभ सुटली. "सायेब, ही घ्या तक्रार!"

चिंगीने आईच्या तोंडावर हात ठेवला. "आये, नगं. तू गेल्याव मी हितंच हाये."

साहेब खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मुलीच्या अंगावरचे डाग आईनं दिलेत, हे कोर्टात ठरलंय. हिनंच कबूल केलंय. ते आता पुन्हा उकरून काढता येणार नाही."

"त्ये पोटावरचं! ह्यो वला हाये, हात लावून बगा तरी!" मी म्हणाले.

तो बायाकडे वळला. "बाई, डाग देणारीनंच डागाची तक्रार करायची?"

दाराशी उभ्या बाईने चिंगीचं मनगट धरलं. पोर मुकाट गेली. रडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.

कामशेतला आम्ही गाडीतून उतरलो. वाटेला लागल्यावर बायाने विचारलं, "मावशी, तुमाला लय ठावं. पाठीला डाग कंच्या दुखन्यावर देत्यात?"

कुठल्याच नाही, हे मला ठाऊक होतं. मी ते तिला सांगितलं नाही.