एका किल्लीत उठणारा डिझेल

आमच्या साल्मी रोडवर बर्फ उपसणारी माणसं दोनच जातीची, डिझेलवाली आणि पेट्रोलवाली. मी दोन्हींत नाही. माझ्याकडे ढकलायचं पत्र्याचं मोठं खोरं आहे आणि त्यानेच मी घरासमोरची वाट मोकळी करतो. त्यामुळे दोन्ही पक्ष मला सारखाच खुळा समजतात आणि माझ्यासमोर बिनधास्त बोलतात.

वेइक्को डिझेलवाला होता. उन्हाळ्यात गवत कापणारा त्याचा छोटा ट्रॅक्टर हिवाळ्यात पुढे बर्फफेकं यंत्र लावून फिरायचा. "शून्याखाली वीस असू दे नाहीतर तीस, माझा गडी एका किल्लीत उठतो," हे तो दर शनिवारी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीतल्या, वरच्या फळीवर बसून ऐकवायचा. त्याचा थोरला भाऊ उर्हो खालच्या फळीवरून मान डोलवायचा. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

जुलैमध्ये वेइक्को गेला. मागे राहिली त्याची बायको सायमा, तिचा दुखरा खांदा आणि गोठ्यात झाकून ठेवलेला तो डिझेल.

ऑक्टोबरात तिच्या मुलाचा मिलवॉकी शहरातून फोन आला. डेनिस सरळ माणूस आहे, आडपडदा नाही. "आई, पहिला मोठा बर्फ पडला की मी येतोय. तुझी वाट तू एकटीने मोकळी केलेली मला दिसली पाहिजे. नाही जमलं तर सामान बांधायचं."

सायमाने हे मला कॉफी पिताना सांगितलं. "तिथे माझ्यासाठी खोली तयार आहे म्हणे. खिडकीतून गाड्या उभ्या केलेल्या दिसतात." मग निसूचा, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाचा, तुकडा कपात बुडवून म्हणाली, "मला हे घर सोडायचं नाही, आर्वो. इथून मला उचलूनच न्यावं लागेल." सायमा रडणाऱ्यांतली नाही. त्या दिवशीही रडली नाही, पण तुकडा कपात विरघळून गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

घरात एवढा दमदार डिझेल असताना प्रश्नच कुठे होता? पण सायमाने गावातल्या दुकानातून पेट्रोलचा ट्रॅक्टर आणला आणि डिझेल उर्होच्या दारात नेऊन उभा केला.

उर्होचा पारा चढला. "अगं, हे खेळणं आहे! काउंटीची बर्फ हटवणारी गाडी रस्त्याचा बर्फ तुझ्या वाटेच्या तोंडाशी आणून टाकते ना, त्या ढिगापुढे हे शिंकेल आणि मरेल."

"मरू दे. पुन्हा चालू करीन."

"माझ्या भावाचा डिझेल एका किल्लीत..."

"म्हणून तर तुला दिला. घे की."

"डोकं फिरलंय हिचं," उर्हो मला म्हणाला. ती समोरच उभी होती.

खरी पंचाईत पुढेच होती. आमच्याकडे एकट्या बाईची वाट कुणी विचारून साफ करत नाही. जो आधी उठेल तो जातो, काम करतो आणि निरोपाचा हातही न करता परत येतो. आभार मानले तर माणूस अवघडतो. सायमाला मात्र घरोघर जाऊन सांगावं लागलं, की माझ्या वाटेला हात लावू नका. आमच्या रस्त्यावर याहून मोठा अपमान नाही. उर्होने तर तिला चहा-कॉफी काही न विचारता दार लावून घेतलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला मोठ्या तळ्यावरून वाऱ्याबरोबर बर्फ आला आणि दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डेनिसची गाडी सायमाच्या वाटेच्या तोंडाशी येऊन थांबली. आत शिरणं अशक्य होतं. काउंटीची गाडी नुकतीच जाऊन तिथे कमरेएवढा ढीग लावून गेली होती, दगडासारखा घट्ट.

अख्खा रस्ता खिडक्यांत कॉफी घेऊन उभा होता. मीसुद्धा.

घराजवळचा भुसभुशीत बर्फ पेट्रोलने झकास उडवला. ढिगापाशी आल्यावर मात्र इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. सायमाने ते पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. उर्होचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

तेवढ्यात खडखडाट ऐकू आला. उर्हो डिझेल घेऊन रस्त्याच्या पलीकडे येऊन थांबला होता. इकडे डेनिसही दार उघडून उतरायला लागला. दोघांपैकी एकानेही हात लावला असता, तर सायमाचा निकाल लागला असता.

"गाडीत बस!" सायमा मुलावर ओरडली. मग उर्होकडे वळून तिने नुसता पंजा उभा धरला.

उर्हो जागचा हलला नाही. बर्फासमोर चालू इंजिनावर हात बांधून बसणं त्याला किती जड गेलं असेल ते मला खिडकीतून कळत होतं. सायमा उतरली आणि फावड्याने ढिगाचा वरचा थर पाडू लागली. बऱ्या खांद्याने थोडं पाडायचं, मग ट्रॅक्टरने तेवढंच खायचं, पुन्हा पाडायचं. माझी कॉफी गार झाली. डेनिस गाडीत बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

ढीग फुटला तेव्हा ती बाजूला झाली आणि मुलाला म्हणाली, "ये आत. बूट बाहेर झटक."

जेवताना डेनिस पास्टीकडे, त्या खिमा भरलेल्या मोठ्या करंजीकडे, बघत म्हणाला, "ठीक आहे. हा हिवाळा इथे राहा." सायमाने त्याला आणखी एक पास्टी वाढली.

जानेवारीत खरी थंडी आली. एका सकाळी उर्होच्या गोठ्यातून किल्ली फिरवल्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. टाकीतलं डिझेल मेणासारखं गोठलं होतं. थोड्या वेळाने सायमा पेट्रोलवर बसून आली आणि त्याची वाट साफ करू लागली. मी माझं खोरं टेकवून उभा राहिलो.

उर्हो बाहेर आला. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"इथे कुणी सांगतं का?"

तो पडेल आवाजात म्हणाला, "वेइक्कोच्या हाताखाली कसा एका किल्लीत उठायचा."

सायमाने इंजिन बंद केलं. "वेइक्कोच्या हाताखाली कशाचा? तो झोपला की इंजिन गरम ठेवायची वायर मी जाऊन लावायचे. टाकीतलं हिवाळी औषधसुद्धा मीच ओतायचे. तो उठायच्या आत वायर काढून गुंडाळून ठेवायचे."

"आणि त्याला ठाऊक नव्हतं?"

"कशाला सांगायचं? सौनात बसून मारायला त्या बिचाऱ्याकडे तेवढीच एक बढाई होती."

उर्होने गोठ्याकडे हात केला. "मग डिझेल ठेवायचा होतास ना. तुला तर सगळं येत होतं."

"येत होतं रे. पण आता मी वायर लावायला बाहेर जायचं ते कुणासाठी?" तिने किल्ली फिरवली. पेट्रोल शिंकलं आणि चालू झालं.