लवंग

"चिमणे, लवंग आण गं पटकन!"

बाबांचा तो दबका आवाज बत्तीस वर्षांनंतरही तिच्या कानांतून जात नव्हता. चिमणी स्टुलावर चढायची, फळीवरच्या डब्यातून लवंग काढायची आणि बाबांच्या तळहातावर ठेवायची. बाबा डोळा मिचकावायचे. दोघांचं गुपित! दारात आई वास घ्यायची, लवंगेला फसायची, जेवणाचा डबा हातात द्यायची. बाबा बस चालवायला जायचे. एके दिवशी गेले ते गेलेच. पुलाचा कठडा तोडून बस खाली गेली, बाबांसकट अकरा जण. आई आजही छातीवर हात ठेवून सांगते, "त्या दिवशी ते प्यायले नव्हते. मी स्वतः वास घेतला होता." चिमणी मान खाली घालते.

आता ती आगाराच्या फाटकाशी बसते. गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरनं तिच्या यंत्रात फुंकायचं. तिचं नावच पडलंय फुंकताई.

"काय फुंकताई, आज वाढदिवस कुणाचा?"

"तुमचाच. फुंका, मेणबत्ती समजून!"

हसत-हसत पाच-सहा जण गेले. मग दादा आले, आगारातले जुने ड्रायव्हर. त्यांच्याआधी लवंगेचा वास आला. 

दादांनी फुंकलं. लाल दिवा.

"बिघडलंय तुझं यंत्र."

"पुन्हा फुंका."

पुन्हा लाल.

"रात्रीची थोडी राहिली असेल गं," दादांचा आवाज खाली आला. "गाडी भरलीय. वीस वर्षांत ओरखडा नाही माझ्या गाडीला. तू बघितलं नाहीस, मी फुंकलं नाही. मिटलं!"

"नाही, दादा."

"पोटावर पाय देतेस माझ्या?"

तिनं बाहेर पाहिलं. काचेपलीकडे बसच्या पहिल्या खिडकीत एक बाई लेकीची वेणी घालत होती. लेक मान हलवत होती, बाई पुन्हा सरळ करत होती.

"लवंग कुणी दिली?" तिनं विचारलं.

दादा गडबडले. मग नकळत त्यांचा चेहरा उजळला. "धाकटीनं. फार गुणाची पोर. न सांगता आणून देते. आईला पत्ता लागू देत नाही."

तिनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "बसा. आज गाडी दुसरं कुणीतरी नेईल. चिठ्ठी देते, व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे आजच जा. पण आधी घरी जाऊन पोरीच्या हातातली लवंग काढून घ्या."

"तिचा काय दोष यात?"

"काहीच नाही. पण ते तिला जन्मभर कुणी सांगणार नाही."

 मुठीतली किल्ली दादांनी हळूच टेबलावर ठेवली.

"पुलावरच्या अपघाताचं ऐकलंय ना, दादा?" तिनं चिठ्ठी लिहायला घेतली. "आईनं वास घेतला होता, खरंय. पण त्याआधी बाबांना लवंग मी दिली होती."