पुलावर माघार

आमच्या पुलाचा इतिहास आमच्या घरात जेवताना सांगितला जातो, तोही बाबांच्या तोंडून. आधी इथे होडी होती. मग बैलगाड्यांच्या मापाने हा लोखंडी कैच्यांचा पूल उभा राहिला. पुढे त्यावरून हमरस्ता गेला, पण पूल काही रुंद झाला नाही. एका वेळी एकच गाडी. ज्याचं चाक आधी चढेल तो पुढे जाणार, समोरच्याने थांबायचं.

एका पुरात मधला गाळा वाहून गेला. तो नव्याने बसवला त्याच वर्षी बाबा भरलेला ट्रक घेऊन अर्ध्या पुलावर आले आणि समोरून दुधाची व्हॅन घुसली. चालवणारी मुलगी हाताची घडी घालून बसली. मागे रांगा लागल्या, आरडाओरडा झाला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बाबांनीच ट्रक मागे नेला आणि थोड्याच दिवसांत तिला मागणी घातली. "असा ताठ कणा मी पाहिला नव्हता," असं ते अजून सांगतात. तेवढ्यात आईला चुलीवरचं काहीतरी आठवतं.

लग्नानंतरही तोच थाट. डेअरीत एका फाटकाने आत, दुसऱ्याने बाहेर. घरी व्हॅन दारात सोडून ती चालती व्हायची, वळवून लावायची ती बाबांनी. आम्ही तिला महाराणी म्हणायचो.

आता शेजारी रुंद पूल झालाय. उद्यापासून जुन्यावरून फक्त माणसं चालणार. हिने एकदा तरी मागे हटावं, एवढीच बाबांची इच्छा, आणि आज नाही तर कधीच नाही. सकाळी मला ट्रकमध्ये घालून ते दबा धरून बसले. पलीकडे व्हॅन दिसताच त्यांनी ट्रक पुलावर घातला. तरीही आई आलीच, थेट नाकासमोर.

"आधी मी चढलोय. आज तू मागे घे," बाबा खिडकीतून म्हणाले.

आईने गियर टाकला. व्हॅन मागे सरकली, तिरकी झाली, बाजूच्या लोखंडी कैचीला घासली. आरसा नदीत गेला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि व्हॅन चांगलीच अडकली.

आई खाली उतरली. चेहरा पार पडला होता. "अहो, मला मागे घेता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

"मग ती हाताची घडी?"

"हात थरथरत होते माझे. तुम्ही कणा-बिणा म्हणायला लागलात, मग सांगायचं कसं?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण बाबा हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग व्हॅनमध्ये चढले, मान वळवून मागे पाहिलं आणि ती सरळ पुलाच्या टोकापर्यंत मागे नेली. मला दोघांचीही फार माया आली.

आई माझ्याशेजारी कठड्याला टेकून बघत होती.

"बघ," ती म्हणाली, "आजही मागे तेच हटले."