उजवा पाय, उजवा हात

मी एक लाकडी बाहुला बोलतोय. वीतभर उंच. मला डोळे नाहीत, नाक नाही, तरी सगळं दिसतं. हसू नका, खरंच सांगतोय!

कुणीतरी माझे हातपाय मशीनवर गोल तासले, सांध्यांत स्प्रिंगा घातल्या आणि "वाकवाल तसा वाकतो" म्हणून विकून टाकलं. थाप! माझे खांदे पहिल्यापासून सैल. आधी मी एका ड्रॉइंगच्या मास्तरांकडे होतो. भर वर्गात हात टाकून द्यायचो, पोरं खिदळायची. मास्तरांनी वैतागून मला पेंटरकाकांच्या गळ्यात मारलं.

काका रस्त्यावरच्या पाट्या रंगवतात. मला समोर ठेवून माणसं काढतात. ते ब्रश धुवायला वळले की मी हात सोडून द्यायचो. "लबाडा!" म्हणत ते परत लावायचे, मी परत सोडायचो. लय मजा यायची. त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी पाचला नगरपालिकेचे साहेब येणार होते. रस्ता ओलांडायच्या सगळ्या जागांवर चालत्या माणसाची पाटी लावायची होती. मशीनवर छापणाऱ्याने नमुना आधीच दिला होता. काकांचा नमुना आवडला नाही, तर दुकानाचं शटर कायमचं खाली.

काकांनी मला चालतं केलं. उजवा पाय पुढे, डावा हात पुढे. मग ते रंगाचा डबा उघडायला वळले आणि मी सवयीने खोडी काढली. डावा हात मागे, उजवा पुढे. नेमकं तेव्हाच काकांनी बघितलं नाही. त्यांचं लक्ष घड्याळात. जसा मी, तसाच काळा माणूस पाटीवर उतरला.

साडेचारला काकू चहा घेऊन आल्या.

"अहो, हा चालतोय की पडतोय?"

"बाहुल्यावरून काढलाय. हुबेहूब."

"मग दोघांनाही दवाखान्यात न्या."

काका मागे सरकून बघायला लागले. काहीतरी चुकलंय हे दिसत होतं, काय ते कळेना.

"तू चाल बघू जरा. नेहमीसारखी."

आता गंमत ऐका. 'नेहमीसारखं चाल' म्हटलं की माणूस चालायचंच विसरतो. काकू ताठ झाल्या आणि उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे टाकायला लागल्या. डिट्टो मी!

"अगं, कवायत करतेस का?"

"इतक्या वर्षांत कधी धड बघितलं नाहीत, आज एकदम डोळे फाडून! पाय अडखळणारच की!"

पाचला दहा कमी. मला ओरडावंसं वाटत होतं, 'हात, काका, हात!' पण तोंड कुठंय मला? पहिल्यांदाच स्वतःच्या खोडीचं हसू आलं नाही.

बाहेर हॉर्न वाजला. साहेब!

"मी थोपवते त्यांना," म्हणत काकू दाराकडे सुटल्या. घाईत, सगळं विसरून. डावा पाय, उजवा हात. उजवा पाय, डावा हात. एक खांदा किंचित झुकलेला.

"हात!" काका पुटपुटले.

पाटीवर टर्पेंटाईनचं फडकं फिरलं. ओले हात पुसले, खांदे पुसले. बाहेर काकूंचं चालूच होतं. "आधी पाणी घ्या साहेब. गाडी नवी का? धाकटी कितवीत आता?" आत ब्रश सपासप चालत होता. साहेबांचा बूट उंबऱ्यात पडला आणि शेवटचं बोट रंगवून झालं.

साहेब पाटीकडे बघत राहिले. मग काकूंकडे वळले.

"ही चाल आत्ताच कुठंतरी बघितलीय."

काकू लाल.

"मशीनवाल्याच्या पाटीवरचा माणूस खांबासारखा उभा आहे हो. हा निघालाय कुठंतरी. सगळ्या पाट्या अशाच द्या."

तेव्हापासून मी वरच्या फळीवर, रिकाम्या डब्यांमागे. भिंतीकडे तोंड. खाली काका रोज पाट्या रंगवतात आणि मधेच हाक मारतात, "अगं, जरा दार लावून ये ना."

"लागलेलंच आहे," काकू म्हणतात. तरी उठून जातात.

मला ते दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. कुणीतरी माझे खांदे घट्ट आवळा हो, आणि मला एकदा त्या दाराकडे तोंड करून ठेवा. शप्पथ, हात हलवणार नाही.